बाबांचं सरळ चालणं

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून तुमच्याशी बोलतेय.

आज बाबांना अंबरनाथ पश्चिमेला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. एक्स-रे बघून डॉक्टर म्हणाले, "काका, हा पाय जुना मोडलेला आहे. ॲक्सिडेंट झाला होता का?"

"नाही हो, घरातच पडलो होतो," बाबा म्हणाले.

साफ खोटं. नव्वद साली उल्हासनगरला एका टेम्पोने त्यांना उडवलं होतं. हाड वाकडं जुळलं आणि बाबा कायमचे लंगडे झाले. बेलवलीच्या आमच्या चाळीतले वकीलकाका घरी येऊन समजावून गेले होते, "चूक कोणाची हे विचारणारच नाहीत. टेम्पोच्या इन्शुरन्समधून ठरलेली भरपाई मिळते. फक्त पाय कायमचा अधू झालाय असं सर्टिफिकेट आणा."

"ते कंपनीत कळलं तर मला अनफिट करून घरी बसवतील," बाबा म्हणाले. दावा केलाच नाही. रोज कंपनीचं गेट आलं की दात आवळून सरळ चालायचे. संध्याकाळी आई पाय शेकत बसायची.

पुढे कंपनीच बंद पडली. सगळ्यांनाच घरी बसवलं, सरळ चालणाऱ्यांनाही.

आज दवाखान्यातून निघताना मी चिडून विचारलं, "बाबा, आता कोणापासून लपवताय?"

दारात खाकी कपड्यातला वॉचमन उभा होता. त्याला बघताच बाबांनी माझा हात सोडला आणि त्याच्यासमोरून सरळ चालत गेले.

कंपनी बंद पडली हे त्या पायाला कोणी सांगायचं, तुम्हीच सांगा.