दसऱ्याला अडकलेलं शटर

शटर खाली आलं तेव्हा आमच्या बुढ्याचे पाय माझ्याकडे होते आणि डोकं आत होतं. आवाज एवढा मोठा झाला की काही वेळ मला दुसरं काही ऐकूच येईना. पायांत चपला होत्या. एक चप्पल हलली, मग हलली नाही. शिडी आडवी पडली होती. तिच्या बाजूला माझा दीर हात पोटाशी धरून बसला होता, तोंड उघडं. ओरडत असावा. शटरखालून काहीतरी पिवळं पाणी वाहत आलं. मी त्यात बोट बुडवलं आणि वास घेतला. संत्र्याचा वास. नवरा शटरखाली आणि मी बोटाचा वास घेत बसले होते. असं का केलं ते मला अजून सांगता येत नाही.

तसं सकाळपासून मला कशाचाच मेळ लागत नव्हता.

दसरा होता. बोरगावला आमच्या घराशेजारी शेड आहे, तिला मोठं लोखंडी शटर. आत ट्रॅक्टर राहतो. आदल्या दिवशी तोडलेल्या संत्र्यांचे कॅरेटही तिथंच, दाराजवळ रचले होते. सकाळी बुढ्यानं शटर उचललं. ते दीड हात वर गेलं आणि थांबलं. वरही जाईना, खालीही येईना. बुढ्यानं लाथ मारून पाहिली. मग दिरानं मारली.

"स्प्रिंग गेली," दीर म्हणाला. त्यानं जन्मभर मोटरपंप उघडले, म्हणून त्याला वाटतं की लोखंडाचं सगळं त्याला कळतं.

"तेल घालत नाही तुम्ही, म्हणून झालं हे," मी बुढ्याला म्हटलं. "तीन वर्षं झाले, सांगून राहिली."

बुढ्यानं सौंसरच्या शटरवाल्याला फोन लावला. आवाज मोठा करून लावला, म्हणून मीही ऐकलं.

"काकाजी, आज हत्यारं पूजेत मांडले," तो म्हणाला. "आज मी पाना उचलत नाही. उद्या सकाळी पयले तुमच्याकडेच येतो. पण तोवर कोणी हात लावू नका बरं. वरच्या पाइपात स्प्रिंग पिळून भरली राहते. सुटली तर माणसाले फेकून देते."

"उद्या दसरा हाय का?" बुढा म्हणाला आणि फोन ठेवला.

त्याचं म्हणणं असं होतं. ट्रॅक्टर घेतला तेव्हापासून दरवर्षी दसऱ्याला तो धुवायचा, हार घालायचा आणि गावाच्या शिवेपलीकडे नेऊन परत आणायचा. त्याच्या आधी त्याचा बाप बैलबंडी न्यायचा. दसऱ्याला ट्रॅक्टर कोंडून राहिला तर वर्षभर काही ना काही कोंडून राहील.

"अजी, बैलाले शटर नव्हतं," मी म्हटलं. "बाहेरूनच पूजा करा. नारळ इथं फोडा. देवाले आतलं दिसत नाही का?"

"हाव, देवाले म्हणतो, खाली वाकून पाह्य बापा."

दीर हसला. मला हसू आलं नाही.

आमच्या घरातही पाना, लांब लोखंडी सब्बल, विळे, कुऱ्हाड सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पाटावर मांडलेलं होतं. आमच्याकडे मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशीच हलवतात. बुढा आत गेला आणि पाटासमोर उभा राहिला. शटरवाल्याचा पाना पूजेत, म्हणून तो येत नाही. आणि आमचा पाना पूजेत असला तरी आमचा ट्रॅक्टर आजच निघाला पाहिजे. दोन्ही दसऱ्याचेच नियम, दोन्ही खरे. मी चौथीपर्यंत शिकले. मला हे काही सुटलं नाही.

"भाऊजी, तुम्ही सांगा," मी दिराला म्हटलं. "उचलायचा का नाही?"

"उचलू नये," दीर म्हणाला. मग बुढ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाला, "पण माफी मागून उचलला तर चालते, वहिनी."

"आन् स्प्रिंग सुटली तर? तिचीही माफी मागसाल का?"

"तुमचं तोंड बंद राहिलं तर नाही सुटत."

बुढ्यानं हात जोडले आणि पाना व सब्बल उचलली. कुंकू तसंच होतं त्यावर.

आता माझं सांगते. पहाटे शटरवर झेंडूचं आणि आंब्याच्या पानांचं तोरण मी बांधलं होतं. सुतळी कुजकी निघाली, दोनदा तुटली. म्हणून शेडमागे पडलेली सळ्या बांधायची तार घेतली आणि दोन्ही बाजूंच्या खिळ्यांना पक्की आवळली. शटर अडकल्यावर मी वर पाहिलं तर तोरण नव्हतं. खालीही नव्हतं. मला वाटलं, शेजारच्या गाईनं खाल्लं. गाय एवढ्या उंचावरचं कसं खाईल, हा विचार मी केला नाही. मग दिरानं शिडी लावली तेव्हा वरच्या पत्र्याच्या फटीत एक झेंडू दिसला. पिवळा, दबलेला.

तेव्हा बोलायला पाहिजे होतं. नाही बोलले. एक तर मला पक्कं कळलं नव्हतं. एका फुलानं एवढं शटर अडकतं का? आणि दुसरं, तेलावरून मी आताच त्याला बोलले होते. आता माझं तोरण निघालं तर तो दिवाळीपर्यंत ऐकवणार. बोलू की नको करत मी दाराजवळचे कॅरेट बाहेर ओढू लागले. शटर सरकलं तर संत्री फुटतील म्हणून. दोन कॅरेट शटरखालपर्यंत आणले आणि कंबर धरली.

"कॅरेट काऊन ओढून राहिली? बाजूले हो," बुढा ओरडला.

मला राग आला. कॅरेट तिथंच सोडले आणि ओट्यावर जाऊन बसले. बुढा पाठीवर झोपून दोन कॅरेटच्या मधून छातीपर्यंत आत सरकला, आतून शटरला रेटा द्यायला. दिरानं वर पाइपाच्या भोकात सब्बल घातली आणि पान्यानं बोल्ट ढिले केले. मी म्हटलं, "अजी, ऐका, ते तोरण..." तेवढ्यात सब्बल गरकन फिरली.

शेजारच्या गल्लीतली सहा माणसं आली तेव्हा शटर उचललं गेलं. कॅरेट अर्धे चेपले होते, पण त्यांनी शटर तोलून धरलं होतं. बुढ्याची छाती लोखंडाच्या पट्टीखाली दबली होती. बाहेर काढल्यावर त्यानं आधी श्वास घेतला आणि मग विचारलं, "हे कॅरेट कोणं ठेवले इथं?"

गावातले म्हणाले, म्हातारीनं शहाणपण केलं, नवरा वाचवला. मी सांगितलं की शहाणपण नव्हतं, कंबर दुखत होती. कोणी ऐकलं नाही. सौंसरच्या दवाखान्यात जाताना दीर गाडीत म्हणत होता, माफी नीट मागितली गेली नाही. बुढा म्हणत होता, बोल्ट उलटा फिरवला.

दुसऱ्या दिवशी शटरवाला बोलल्याप्रमाणे आला. वरून तार ओढून काढली. तारेला सात-आठ झेंडू आणि पानांचा चोथा होता.

"काकी, स्प्रिंग चांगलीच होती," तो म्हणाला. "हे वर पाइपाले गुंडाळलं गेलं होतं. पकडीनं कापलं असतं तर झालं असतं."

बुढा छातीला पट्टा बांधून खाटेवर होता. त्यानं तारेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुले माहीत होतं?"

"अर्धं," मी म्हटलं.

त्यानं तोंड भिंतीकडे केलं. अजूनही त्यावरून बोलत नाही, आणि त्यानं बोलावं की न बोलावं, यातलं मला काय बरं वाटेल तेही मला कळत नाही. ट्रॅक्टर त्या वर्षी शिवेपलीकडे गेला नाही. बुढ्याच्या दोन फासळ्या मोडल्या. दिराचं उजवं मनगट मोडलं, ते वाकडंच जुळलं. दोघंही वाचले.