शेजारी-आजारी

ऑपरेशनला वर्ष होत आलं, केमोही संपली. डॉक्टरांनी 'आता सहा महिन्यांनी या' म्हणून घरी पाठवलं, तरी घरात माझा हुद्दा काही बदलला नव्हता. मी आजारी. धाकटी जाऊ मला परातीजवळ फिरकू देत नसे. "ताई, तुमी बसा की. आजारी माणसानं कशाला हात लावायचा?" तिची माया खोटी नव्हती, म्हणून तर जास्त राग यायचा. ऑपरेशन उजव्या बाजूचं, म्हणून तो हात चालवा, हळूहळू सगळं करा, असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. पण ऐकतो कोण! एकेकाळी आमच्या गल्लीत माझ्या कडक भाकरीचं नाव होतं. ती पुन्हा जमेल का, ही धास्ती मला दुखण्यापेक्षा जास्त छळायची.

अशात शेजारच्या विणकर घरात तेलंगणातून नवी सून आली. भात खाणारी पोरगी, मराठी ऐकून ऐकून शिकत होती. बोलण्यात पुल्लिंग-स्त्रीलिंगाची पार खिचडी, पण कानाला गोड वाटायचं. एक दिवस तिने भाजीवालीला हाक मारली, "थांब, आमची आजारीला पण मेथी पाहिजे!" भाजीवाली फिसकन हसली. मी दार लावून घेतलं. काल आलेली पोर, हिलाही माझं तेवढंच दिसलं!

मग ते रोजचंच झालं. आजारी, नळ आला. आजारी, दूधवाला आला. मी तोंडदेखलं 'हूं' म्हणायचे आणि आत येऊन धुमसायचे.

एका सकाळी जाऊ बाहेर गेली होती, आणि ही ज्वारीच्या पिठाचा डबा घेऊन दारात. "आजारी अक्का, मला भाकरी शिकवा की. सासू ओरडते."

माझा तोल गेला. "आजारी, आजारी! दुसरा शब्द नाही का गं तुला? झाले मी बरी!"

ती बावरली. मग हळूच म्हणाली, "बाजूच्या घरला आजारीच म्हणतात ना?"

मला आधी काही कळेचना. मग उलगडलं. कुणाच्या तरी तोंडून तिने 'शेजारी-पाजारी' ऐकलं होतं आणि तिच्या कानात त्याचं शेजारी-आजारी झालं होतं; दोन्हींचा अर्थ एकच, असं तिने धरलं होतं. मी तिला खरा अर्थ सांगितला. तिने जीभ चावली, डोळे भरले. "अय्यो, तुमी आजारी होता? मला कोणी सांगितला नाही."

"आणि हे काय मग?" मी डोक्यावरच्या बोटभर केसांना हात लावला.

"मला वाटला, तिरुपतीला केस दिला तुमी."

मला हसू आणि रडू एकदमच फुटलं. अख्ख्या गल्लीत मला धडधाकट समजणारी ही एकटीच, आणि मी नेमकी हिच्यावरच धुमसत होते. जावेला नावं ठेवत होते, पण त्या शब्दाला घट्ट धरून बसले होते मीच. मला लाज वाटली.

मी परात काढली. पहिली भाकरी तव्यावर टाकतानाच फाटली. तिचीही फाटली. हात भरून आला की थांबत होते, पुन्हा थापत होते.

दुपारी जावेने टोपली उघडली. "ह्या वाकड्यातिकड्या भाकरी त्या पोरीच्या व्हय?"

"तीन माझ्या आहेत," मी म्हणाले. "आणि उद्या पीठ मी मळणार."