आबांच्या छातीतलं मशीन

नव्वदीच्या दशकात आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, छातीत कातडीखाली एक छोटंसं मशीन बसवलं. त्यांचे ठोके फार मंद पडायचे, शेतात चालताना चक्कर यायची. पुण्यात ऑपरेशन झालं, चक्कर थांबली आणि आबा गावी, पळसदेवला परत गेले. आम्हाला वाटलं, सुटलो.

थोड्याच दिवसांत आईचा निरोप आला : माणूस जेवत नाही, बोलत नाही. मी बारामतीहून गेले. आबा ओट्यावर छातीवर हात धरून बसलेले.

"दुखतंय का?"

"न्हाय." मग म्हणाले, "पोरी, आता आत जितं कोण हाय? मी का ते?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"आपलं हिरीवरचं इंजिन बघ. मालक असू दे, नसू दे, डिझेल संपस्तवर चालतंय. उद्या मी मेलो आन् हे चालूच राहिलं तर? टकटक चाललेल्या माणसाला तुमी जाळणार कसं?"

मी शाळेत विज्ञान शिकवायचे. सजीवांची लक्षणं मुलांकडून घोकून घ्यायचे. त्यातलं एकही त्या घडीला कामी येईना.

"आबा, यंत्राला जीव नसतो."

"मंग माझा जीव त्याच्यावर कसा?"

दुसऱ्या दिवशी आई-आबांना घेऊन मी बारामतीच्या आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. आबांनी तोच प्रश्न विचारला. बाईंनी स्वतःचा स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानांत घातला.

"ऐका. हा आवाज तुमच्या हृदयाचा. मशीन नुसतं लक्ष ठेवतं. हृदय रेंगाळलं, तर बारीकसा इशारा देतं. एरवी गप्प."

"आन् मी मेल्यावर?"

"अहो, काय बोलताय!" आई कळवळली.

"इशारा देईल बिचारं," बाई म्हणाल्या, "पण ऐकायला हृदयच नसेल, तर ठोका कुठून पडणार? आणि जाळण्याआधी ते काढून घेतात. तुम्ही त्याची काळजी करू नका."

आबा डोळे मिटून ऐकत राहिले. कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या. मग त्यांनी नळ्या आईच्या कानांत घातल्या.

"ऐक. मीच हाय."

आईनं ऐकलं आणि तोंडाला पदर लावला. रडत होती की हसत होती, मला कळलं नाही. माझेच डोळे भरले होते.

बाहेर पडल्यावर आबा म्हणाले, "भूक लागली." स्टँडसमोरच्या हॉटेलात त्यांनी मिसळ मागवली, वर तर्री मागितली. आई ओरडली. ते खातच राहिले.