दुप्पट वेगाने शिकलेले हात

आमच्या खालच्या मजल्यावर एक बाई राहते. शिवणकाम करते. दिवसभर मशीन चालू, म्हणून तिला सगळे मशीनताई म्हणतात. वडील सहा वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले. हाक मारण्याइतका आवाज उरलेला नाही, म्हणून हाताशी स्टीलचा पेला असतो. तो पलंगाच्या दांडीवर आपटला की मशीन थांबतं. भाऊ परगावी. फोनवर म्हणतो, "तुझं काय, तू घरीच तर असतेस."

मागच्या वर्षी तिने मोबाइलवर मधमाश्या पाळायचा वर्ग लावला. बत्तीस धडे.

"हे काय नवीन खूळ?" मी विचारलं.

"काका, मला बाहेर जाता येत नाही. त्या तरी जाऊन येतील."

धडे तिने मन लावून केले. दोन वह्या भरल्या. एका जुन्या मधपाळाने गच्चीवर माश्यांची भरलेली पेटी आणून ठेवली. अट घातली, "महिनाभर टिकल्या तर तुमच्या. नाहीतर मी परत नेणार."

पहिल्यांदा पेटी उघडली तेव्हा तिला सात डंख बसले. दुसऱ्यांदा अकरा. तोंड टोपलीएवढं सुजलं. मधपाळ येऊन पाहून गेला. "आणखी एकदा बिथरल्या तर पेटी सोडून जातील," म्हणाला.

मी लेथवर चाळीस वर्षं काढली. हातांची घाई मला लांबून कळते. म्हटलं, माश्या पोळं बांधतात तसली एक रिकामी चौकट घे आणि काय करतेस ते दाखव. झाकण बाजूला, चौकट वर, उलटी, सुलटी, आत. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं झालं.

"ही घाई कुणी शिकवली?"

"गुरुजींनीच. बघा ना."

मोबाइलवरच्या माणसाचे हात दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखे चालले होते. आवाज चिरका. मी पडद्याच्या कोपऱ्यात पाहिलं. वेग दुप्पट.

दुपारी वडिलांचा डोळा लागतो तो वीस मिनिटं. धडा चाळीस मिनिटांचा. पहिल्याच दिवशी तिने वेग वाढवला आणि पुढे तसाच राहू दिला.

"मला वाटलं, त्यांचा आवाजच तसा आहे," ती म्हणाली.

वेग सरळ केला. तो माणूस चौकट उचलायच्या आधी एक पूर्ण श्वास घेत होता. तिने तेवढाच भाग पुन्हा लावला.

"म्हणजे या कामाला चाळीस मिनिटं लागतात."

"लागतात."

"माझ्याकडे वीस आहेत."

मी म्हटलं, मी बसतो वडिलांजवळ. ती हसली. "ते दुसऱ्याच्या हातून पाणीही घेत नाहीत, काका."

तरी बसलो. ती वर गेली. पंधराव्या मिनिटाला म्हातारा जागा झाला आणि पेला वाजवायला लागला. मी पाणी पुढे केलं, त्याने तोंड फिरवलं. थांबला नाही. गच्चीवर ते स्पष्ट ऐकू जात होतं. तेव्हा तिच्या हातात चौथी चौकट होती आणि तिच्यावर राणी. घाईत चौकट दाबली असती तर राणी चिरडली असती आणि सगळी पेटी गेली असती.

"पाय जिन्याकडे निघाले होते," तिने नंतर सांगितलं. "हात मात्र जाऊ दिले नाहीत."

चौथी चौकट तिने सावकाश खाली बसवली. मग पाचवी, सहावी. झाकण. त्रेचाळीस मिनिटांनी खाली आली. डंख एकही नाही.

"कुठे उलथली होतीस?" म्हातारा पुटपुटला.

"वर होते."

चादर ओली झाली होती. तिने बदलली, धुतली, वाळत घातली आणि मशीनवर बसली.

महिन्याने मधपाळाने पेटीला कान लावला आणि रिकाम्या हाताने परत गेला. माश्या रोज कोसभर लांब जाऊन येतात. मशीनताईला गच्चीच्या चव्वेचाळीस पायऱ्या, त्याही पंधरा दिवसांतून एकदा. तेवढी चाळीस मिनिटं मी खाली बसून पेला ऐकतो. सोपं काम नाही. ती ते सहा वर्षं करते आहे.