पेंडीचा डबा आणि उत्तर टोक

तमाम नागरिकांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, झाँसीच्या धावपट्टीवर एका दुपारी अकराजणींच्या शिस्तबद्ध तुकडीने माझ्या इशाऱ्यावर अचूक कूच केले आणि उतरणाऱ्या विमानाची वाट अडवली. तुकडी म्हशींची होती. प्रशिक्षक मी होतो. ही बाब आजवर कोणत्याही कागदावर नाही.

छावणीपलीकडच्या त्या धावपट्टीवर आमची चारजणांची डिटॅचमेंट होती. विमाने आठवड्यात दोन-तीन येत. फ्लाइंग क्लबची दोन सीटची ट्रेनर विमाने, कधी एखाद्या साहेबाचे खासगी विमान. मी हवालदार पुराणिक, घर खंडेराव गेटला. नोकरीतली ही एकच पोस्टिंग माझ्या गावात झाली. आई म्हणायची, "रोज घरी जेवायला येतोस, ही कसली रे फौज?"

सकाळी सहाला सायकलवरून धावपट्टीची पाहणी. साडेसहाला विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी ती कापडी पिशवी, नीट आहे का बघायचे. सातला रेडिओ चेक. उरलेला दिवस म्हशींना हाकलण्यात जाई.

म्हशी शेजारच्या गावातल्या कक्कोच्या. कक्को म्हणजे बुंदेलीत काकू. साठीची बाई, हातात काठी. विमान येण्याआधी आम्ही भोंगा वाजवायचो. तो वाजला की ती म्हशी हाकलायला निघे आणि म्हशी नेमक्या धावपट्टीवरच बसत. त्यांची पुढारी कलेक्टरनी. ती तर उठायलाही तयार नसे.

मग मला युक्ती सुचली. धावपट्टीच्या उत्तर टोकाला मी पेंडीचा डबा ठेवला. विमाने दक्षिणेकडून उतरत आणि निम्म्यातच थांबत. उत्तर टोक रिकामेच असे. भोंगा वाजवायचा आणि तिथे पेंड टाकायची. पंधरा दिवसांत म्हशी तयार झाल्या. भोंगा वाजला की कलेक्टरनी पुढे, बाकीच्या मागे, थेट उत्तर टोक.

आमचे सुभेदार तोमर साहेब समथरकडचे. हसणे त्यांना मंजूर नव्हते. त्यांनी घड्याळ लावून परेड पाहिली आणि म्हणाले, "चार मिनिट. रंगरूटों से अच्छी हैं." फौजेत मला मिळालेली ती सर्वात मोठी शाबासकी.

त्या मे महिन्यात, एका दुपारी, चौघांपैकी दोघे राशन आणायला छावणीत गेले होते. साहेब आणि मी, दोघेच. १५:१० ला रेडिओ बोलला.

"झाँसी, धिस इज ब्राव्हो किलो. स्टुडंट पायलट, सोलो. धुळीत रस्ता चुकले. फ्युएल पंधरा मिनिटांचं."

मुलीचा आवाज. शब्द इंग्रजी-हिंदीत होते, कंप सगळ्या भाषांत सारखाच असतो.

"ब्राव्हो किलो, झाँसी. आ जाओ बिटिया," साहेब म्हणाले. "पुराणिक, भोंगा."

मी धावत जाऊन भोंग्याचा दांडा फिरवला. मग विंडसॉककडे पाहिले. आंधी उठत होती. वारा उलटला होता. आज विमान उत्तरेकडून उतरणार होते.

१५:१७ ला ते धुळीतून बाहेर आले, नाक थेट कलेक्टरनीकडे. अकराच्या अकरा जागेवर हजर.

"गो अराउंड, गो अराउंड," साहेबांचा आवाज रेडिओच्या खोलीच्या खिडकीतून ऐकू आला. विमान म्हशींच्या डोक्यावरून गर्जत गेले. एकीनेही मान वर केली नाही. इतकी उत्तम शिस्त मी पुन्हा पाहिली नाही.

"दुबारा चक्कर का तेल नहीं बचेगा," साहेब खिडकीतून म्हणाले. एवढेच.

मी काठी उचलून धावलो. म्हशींच्या पाठीवर काठी मोडली. त्या पेंड शोधत राहिल्या. मागून कक्को धापा टाकत आली.

"लला, भैंसें न हटहें. खली हटाओ."

खली म्हणजे पेंड. वीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका हुकूम मला कुठल्या अफसराने दिला नाही. मी डबा डोक्यावर घेतला आणि धावपट्टी सोडून बाभळींकडे पळालो. मागे कलेक्टरनी, तिच्यामागे दहाजणी, त्यांच्यामागे कक्को माझ्या आईचा उद्धार करत. काट्यांत पडलो तेव्हा म्हशी माझ्या अंगावर सांडलेली पेंड खात होत्या आणि मागे चाके जमिनीला लागल्याचा आवाज आला. १५:२१.

विमान निम्म्यात थांबले. पुढचा पंखा आपोआप बंद पडला. मुलगी उतरली, चाकाला टेकून खाली बसली. नाव रेणू, वय वीस. कक्कोने तिला आपल्या लोट्यातले पाणी पाजले. मी रडलो नाही. डोळ्यात पेंड गेली होती.

संध्याकाळी एक चमत्कारिक गोष्ट झाली. तोमर साहेबांनी डब्याच्या तळाची पेंड खरवडून ताटलीत घेतली आणि ताठ बसून, पाण्याच्या घोटाबरोबर, शेवटच्या कणापर्यंत खाल्ली. कारण विचारायची कोणाची छाती झाली नाही. डबा दुसऱ्याच दिवशी हटवला. रिपोर्टमध्ये लिहिले, "१५:२१, विमान सुरक्षित."

चार वर्षांनी साहेब उत्तरेच्या सीमेवर गेले. गस्तीवरून परतताना बर्फाचा कडा कोसळला. पुढे चालणारे दोघे वाचले, साहेब सापडले ते नवव्या दिवशी.

त्यांच्या गावी तेरवीला गेलो तर अंगणात रेणू बसलेली. आता ती मोठी प्रवासी विमाने चालवत होती. कक्कोही होती, बैलगाडीने आलेली. मी रेणूला पेंडीच्या ताटलीची गोष्ट सांगितली. ती पदराने तोंड झाकून हसली.

"त्यांच्या मायक्रोफोनचं बटन दाबलेलंच राहिलं होतं, भैया," ती म्हणाली. "शेवटच्या वळणावर होते मी. कानात त्यांचा आवाज आला आणि मला हसू फुटलं. हसता हसता उतरले मी."

"काय म्हणाले होते?"

"हे बजरंगबली, बिटिया को उतार दो, बची हुई सारी खली मैं खा लूँगा."