समर्पणाचे गुडघे

त्यागाशिवाय कला पूर्ण होत नाही. हे वाक्य मी कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटपासून अर्ध्या तासावरच्या एका गोदामात अख्खा उन्हाळा ऐकलं. बोलणारा दर वेळी खुर्चीत असायचा आणि ऐकणारे लाकडं उचलत असायचे.

साल २००५. नेवाडाच्या वाळवंटात उन्हाळा सरताना एक कलामहोत्सव भरायचा. त्यासाठी आमचा शिल्पकार चार मजली उंच लाकडी बाई उभारत होता. शिल्पाचं नाव 'समर्पण'. लोकांनी आठवडाभर तिच्याकडे मान वर करून बघायचं आणि शेवटच्या दिवशी सूर्योदयाला तिला पेटवायचं. पेटल्यावर ती गुडघ्यांत वाकणार आणि पूर्वेकडे कपाळ टेकणार, अशी कल्पना होती. हे सगळं करायला माणसं फुकट यायची. त्यातली मी एक.

मला तिथं नेलं नवऱ्याच्या ऑफिसातल्या एका नागपूरकरानं. सॉफ्टवेअरचा माणूस, पण सुट्टीच्या दिवशी हाताला काहीतरी जड लागलं नाही तर त्याला चैन पडायचं नाही.

"वहिनी, चला ना यार," तो म्हणाला. "तिथं सगळे आर्टिस्ट आहेत, कॅल्क्युलेशन कोणालाच येत नाही. तुम्ही एकदा चेक करा, नाहीतर ती बाई आमच्याच अंगावर पडेल."

मी पुण्यात सिव्हिल शिकले, इथं येऊन स्ट्रक्चर्समध्ये मास्टर्स केलं. तेव्हा मी एका फर्ममध्ये होते. जुन्या पार्किंगच्या इमारती भूकंपात कोसळू नयेत म्हणून त्यांना आधार देणं हे आमचं काम. पाडण्यासाठीच बांधायचं, हा प्रकार मला नवा होता. नवरा म्हणाला, "सुट्टीतसुद्धा लाकडं? घरातलं शेल्फ एका स्क्रूवर लटकतंय." शेल्फ तसंच लटकत ठेवून मी गेले.

शिल्पकाराकडे एक सुंदर चित्र होतं. गुडघ्यांच्या जागी त्यानं धुकं काढलं होतं. ते धुकं मी सोडवलं. प्रत्येक गुडघ्यात पुढच्या बाजूला बारीक लाकडं, मागच्या बाजूला जरा जाड. पुढची आधी जळणार, मग बाई आपसूक पुढं झुकणार. त्याच बारीक लाकडांनी आठवडाभर वाळवंटातला वाराही सोसायला हवा होता. ते आकडे जुळवताना माझे कितीतरी शनिवार गेले आणि मला ते गेल्याचं वाईट वाटलं नाही. शिल्पकार तेव्हा आल्यागेल्याला सांगायचा, "ही आमची इंजिनिअर." मला तेवढंच हवं होतं. पार्किंगच्या इमारतीसमोर उभं राहून ही कुणी सावरली असं कुणी विचारत नाही. इथं निदान एक गोष्ट अशी होणार होती की तिच्याखाली माझं काम माझं म्हणून लिहिलेलं असेल.

मग नारळ आडवा आला.

पहिला खांब उभा करायच्या दिवशी नागपूरकर इंडियन ग्रोसरीतून नारळ घेऊन आला. "वहिनी, तुमच्या हातून होऊ द्या." नव्या कामाला नारळ फोडायचा यात विचार करण्यासारखं काही असतं, असं आम्हा दोघांच्या डोक्यातही आलं नाही. मी तो काँक्रीटवर आपटला, पाणी सांडलं, खोबऱ्याचे तुकडे करून सगळ्यांना वाटले. वळून बघते तर शिल्पकाराचे डोळे भरलेले.

याचा अर्थ काय, त्यानं विचारलं. "काही नाही, काम सुरू करताना फोडतात," मी म्हणाले. तेवढ्यावर भागलं असतं. पण नागपूरकराला विषय मिळाला होता. मूर्ती आणतात, पूजा करतात आणि मग पाण्यात सोडतात, हे त्यानं हातवाऱ्यांसकट समजावून सांगितलं. शिल्पकार खुर्चीतून उठून उभा राहिला. उन्हाळाभरात तो कुणासाठी उठलेला मी पाहिला नव्हता.

परत येताना गाडीत नागपूरकर म्हणाला, "वहिनी, मी जास्त बोललो का?"

"खोबरं चांगलं होतं," मी म्हणाले.

त्या दिवसापासून मी आध्यात्मिक मार्गदर्शक झाले. देणगीदार आले की शिल्पकार मला पुढं करायचा. "या आपल्याला विसर्जन शिकवतात." मी गुडघ्याच्या जोडाबद्दल विचारायला जायचे, तर तो डोळे मिटून माझा हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "तुला काय जाणवतंय?" मला जाणवायचं की डाव्या गुडघ्याचं माप चुकीचं कापलंय. ते मी सांगायचे. तो मान डोलवायचा आणि दुसऱ्या कुणाला तरी बोलावून तेच माप स्वतःचं म्हणून सांगायचा.

खरी शोभा वाळवंटात पोचल्यावर झाली. सुटे भाग जोडून बाई उभी केली होती आणि मला मान्य करावं लागेल की देखणी दिसत होती. तिच्या पायाशी एक फळी ठोकलेली. वर शिल्पकाराचं नाव, माझ्या हाताएवढ्या उंच अक्षरांत, लाकूड जाळून कोरलेलं. खाली 'रचना व बांधणी', तिथंही तेच नाव. सगळ्यांत खाली, बारीक अक्षरांत: 'आशीर्वाद: भारतातली एक स्त्री.'

मी त्याला बाजूला घेऊन म्हणाले, रचना माझी आहे, तेवढं बदल. त्यानं माझ्याकडे फार मायेनं पाहिलं. "नाव म्हणजे अहंकार," तो म्हणाला. "हे तर तुमच्याकडूनच शिकलो मी."

अपमान गिळल्यावर पोटात काय होतं ते मला माहीत नाही. मी गिळला नाही. तोंडात तसाच धरून ठेवला आणि वाट पाहू लागले. वाट फार पाहावी लागली नाही.

पेटवायच्या आदल्या दिवशी दुपारी धुळीचं वादळ आलं. पांढरी, पिठासारखी धूळ, हातभर पुढचं दिसेना. धूळ जरा विरली तेव्हा बाई वाऱ्यात जागच्या जागी डुलत होती. ती डुलणारच होती, तशीच ती बांधली होती. शिल्पकार मात्र धावत आला.

"गुडघे पक्के करा."

"वाऱ्याचा हिशोब केलाय," मी म्हणाले. "ती हलेल, पडणार नाही."

"मला ती हललेलीही नको. देणगीदार येतायत. पक्के करा."

"गुडघे पक्के केले तर पेटल्यावर ती वाकणार नाही."

तिथं सगळे होते. सगळ्यांसमोर त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू ऊर्जेकडे लक्ष दे. स्ट्रक्चरचं मी बघतो."

"बरं," मी म्हणाले.

तो गेल्यावर नागपूरकर हळूच मराठीत म्हणाला, "वहिनी, पण मग ती वाकणार कशी?"

"ऐकलंस ना. स्ट्रक्चरचं ते बघतायत."

"पण यार..."

"सावलीसाठी मांडव घातला, त्याचे खांब उरलेत ना, ते आण. सगळ्यांत जाड असतील ते. आणि पाना दे."

जाड लाकूड जळतं तेव्हा बाहेरून त्याचा कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला राखतो. बारीक काड्या भुर्रकन जातात, ओंडका मात्र तासन् तास उभा राहतो. चूल पेटवणाऱ्या कुणालाही हे ठाऊक असतं. शिल्पकाराच्या घरी चूल नसावी. आम्ही दोन्ही गुडघ्यांना पुढून-मागून ओंडके लावले आणि आरपार बोल्ट घातले. प्रत्येक बोल्ट मी स्वतः आवळला. आयुष्यात इतक्या मनापासून मी क्वचितच काही केलं असेल. नागपूरकर पाने पुरवत होता आणि मधूनमधून माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. शेवटी म्हणाला, "तुमच्याशी भांडायचं नाही, एवढं लक्षात ठेवतो."

सूर्योदयाला हजारो लोक गोल करून बसले. शिल्पकार पांढऱ्या कपड्यांत आला. सोडून देणं म्हणजे काय, यावर तो बराच वेळ बोलला. धरून ठेवणारे दुःखी असतात, असंही म्हणाला. मग मशाल लावली. प्लायवूडचं सगळं अंग एकदम पेटलं, लोक उठून उभे राहिले, ढोल वाजू लागले. शिल्पकार पूर्वेकडे दोन्ही हात पसरून उभा राहिला. ती त्याच्या दिशेनं वाकणार होती.

अंग जळून गेलं. ज्वाळा खाली बसल्या. बाईचा काळा सांगाडा ताठ उभा होता.

ढोलवाल्यांनी जोर केला. मग हात दुखल्यावर थांबले. ऊन चढू लागलं. माणसं दोघं-दोघं, चौघं-चौघं करून कॉफी शोधायला निघाली. शिल्पकाराचे हात थोडा वेळ पसरलेले होते, मग कोपरांत मुडपले, मग खिशात गेले. मी घडीच्या खुर्चीत बसून संत्रं सोलत होते. एवढं गोड संत्रं मी परत खाल्लेलं नाही.

दुपारी महोत्सवाचा ट्रॅक्टर आला. चालवणारी एक आडव्या अंगाची बाई होती, गळ्यात रुमाल, डोळ्यांवर धुळीचा चष्मा. संध्याकाळपर्यंत जागा मोकळी करायची हे तिचं काम. तिनं खाली उतरून सांगाड्याभोवती एक चक्कर मारली, गुडघ्यांपाशी थांबली आणि तोंडातल्या तोंडात एक शिवी दिली.

"याचा इंजिनिअर कोण?"

शिल्पकार सावलीत बसला होता. तो लगबगीनं उठला आणि माझ्याकडे बोट दाखवलं. "ही. स्ट्रक्चर पूर्णपणे हिचं आहे. माझा त्यात काहीच भाग नाही." हे तो एवढ्या मोठ्यानं म्हणाला की सगळ्या उरल्यासुरल्या लोकांना ऐकू गेलं. दोघातिघांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलंसुद्धा.

"हो," मी म्हणाले. "माझं आहे."

ट्रॅक्टरवाली माझ्याजवळ आली. हातात साखळी होती. "कुठं बांधू?"

"घोट्यांना," मी सांगितलं. पक्कं करायचा हुकूम फक्त गुडघ्यांचा होता. घोट्यांबद्दल कुणी काही बोललंच नव्हतं.

तिनं साखळी अडकवली आणि ट्रॅक्टर हलवला. पाय पुढं ओढले गेले आणि बाई गुडघे न वाकवता, कपाटासारखी, उताणी पडली. ट्रॅक्टर अजून पहिल्याच गिअरमध्ये होता.