भट्टीवरचं नाक

आमच्या मामांना आयुष्यात कशाचाच गर्व नव्हता, एक नाक सोडून. ते काही देखणं नव्हतं, पण व्हिस्कीच्या कारखान्यातली भट्टी सव्वीस वर्षं त्या नाकाच्या तालावर चालली. मामा स्वतः थेंबभरही घेत नसत. पित्त होतं, असं ते सांगत. मामी सांगायची की एकदा घेतली होती, तिच्या भावाच्या लग्नात नाचले होते आणि तेव्हापासून पित्त होतं.

बार्ली भिजवायची, मोड आणायचे, वाळवून भरडायची, गरम पाण्यात घोळवून तिचा गोडवा काढायचा आणि यीस्ट घालून तो आंबवायचा. इथपर्यंतचं काम कोणीही करेल, असं मामांचं मत होतं आणि ते करणाऱ्यांना ते हे तोंडावर ऐकवत. आंबवलेलं पाणी तांब्याच्या भट्टीत तापवलं की वाफ निवून नळीतून धार पडू लागते. पहिल्या धारेची म्हणून मिटक्या मारणाऱ्यांना मामा अडाणी म्हणत, कारण पहिली धार नाकाला झोंबते आणि शेवटचीला ओल्या कुत्र्याचा वास येतो. मधली तेवढी लाकडी पिंपात मुरवायची. ती कधी सुरू झाली आणि कधी संपली हे हुंगून ओळखायचं आणि नळीचा दांडा वळवून तेवढीच धार चांगल्या टाकीत सोडायची, एवढंच मामांचं काम. ‘एवढंच’ म्हटलेलं मात्र त्यांना खपत नसे.

घरी मामी रोज त्यांचा शर्ट धुवायला घेताना नाक मुरडायची आणि निकाल द्यायची, आज दांडा वळवायला उशीर केलात. मामा भडकायचे. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेचा कागदही तेच सांगायचा आणि मामा मुकाट्याने जेवायचे.

निवृत्तीला तीन वर्षं उरली असताना मामांना सर्दी झाली. सर्दी गेली, पण जाताना वास घेऊन गेली. कॉफी आणि रॉकेल त्यांना सारखंच. नवा मॅनेजर तर टपूनच बसला होता. एक टाकी बिघडली की मामांना लेबलं चिकटवायला बसवायचं आणि दांड्याला मशीन लावायचं, हे त्याने बोलूनही दाखवलं होतं. मामांनी कोणाला काही सांगितलं नाही, मामीला तर नाहीच. पहिला दिवस अंदाजपंचे काढला. संध्याकाळी मामीने शर्ट हातात घेतला आणि म्हणाली, “अहो, नाक गेलंय का तुमचं?”

मामा चक्क रडले. मामीला आधी हसू आलं आणि मग हसल्याचं फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून ती डबा द्यायच्या निमित्ताने भट्टीवर जाऊ लागली आणि स्टुलावर विणकाम घेऊन बसू लागली. मामा पेल्यात धार धरायचे, पाणी घालून हुंगल्याचं सोंग करायचे आणि पेला सहज तिच्याजवळ ठेवायचे. तिने विणकाम खाली ठेवलं की दांडा वळवायचा, असं ठरलं होतं. आठ दिवस सगळं बिनबोभाट पार पडलं.

नवव्या दिवशी मॅनेजर थेट मालकांनाच घेऊन आला. मामा ताठ उभे राहिले. भट्टीच्या उबेने मामीला डुलकी लागली होती. तिच्या हातून विणकाम सुटून खाली पडलं आणि मामांनी मोठ्या रुबाबात दांडा वळवला. पहिली झोंबणारी धार चांगल्या टाकीत पडू लागली. त्या वासाने मामी खडबडून जागी झाली. “अहो, अजून नाही. मागे घ्या,” ती म्हणाली, आणि मामांनी निमूटपणे दांडा मागे घेतला.

मालकांनी विचारलं, या बाई कोण. मग सगळंच बाहेर आलं. मालकांनी स्वतः पेला भरून मामीपुढे धरला, पुन्हा पुन्हा धरला, आणि तिने ‘आता’ म्हटलं तो घोट त्यांनी स्वतः चाखून पाहिला आणि मान डोलावली. मामांचं नाक ताळ्यावर येईपर्यंत बाईंनी रोज यावं, असं ते म्हणाले. मॅनेजरने बाहेरच्यांना भट्टीवर बंदी असल्याचा नियम काढला, तेव्हा नियम आपणच केलाय, एवढंच बोलून ते निघून गेले.

मामी भट्टीवर खुलली. घरी माझ्या नाकाला नावं ठेवतात, इथे येऊन विचारतात, असं ती ज्याला त्याला सांगायची. मोड आणणारेसुद्धा मूठभर बार्ली घेऊन तिच्याकडे यायचे, आणि ती त्यांना कधी टोचून बोलली नाही.

दोन महिन्यांनी एका सकाळी मामांना पेल्यातून पिकल्या नाशपातीचा वास आला. तरी त्यांनी नेहमीसारखा पेला मामीपुढे धरला. निवृत्तीपर्यंत ते तेच करत राहिले. हे त्यांनी मला निवृत्तीच्या दिवशी सांगितलं, कोणाला सांगू नकोस असं बजावून. माझ्या पोटात काही राहत नाही. मी मामीला गाठलं.

“ठाऊक आहे मला,” ती म्हणाली. “माझ्या तोंडून शब्द निघायच्या आत यांचा हात दांड्यावर जायला लागला होता.”

“मग बोलली का नाहीस?”

“बोलले असते तर घरी बसावं लागलं असतं.”